परिवीक्षेवरील स्त्री, दारू आणि चुकलेली हजेरी

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. घरकाम करणाऱ्या 34 वर्षांच्या एका महिलेवर मालकाच्या घरातील दागिना चोरल्याचा गुन्हा सिद्ध झाला. पहिलाच गुन्हा असल्यामुळे न्यायालयाने अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली तिला तुरुंगात न पाठवता परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या दोन वर्षांच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडले, देखरेख परिवीक्षा अधिकारी म्हणून आपल्याकडे सोपवली, आणि महिन्यातून दोनदा हजेरी, मादक पदार्थांपासून दूर राहणे व मालकाला हप्त्यांनी नुकसानभरपाई देणे अशा अटी घातल्या. पहिल्या महिन्यात ती नीट आली, पुढच्या दोन हजेऱ्या चुकल्या, आणि त्यानंतर आली तेव्हा तोंडाला दारूचा वास येत होता. अहवाल पाठवला तर ती तुरुंगात जाईल आणि दोन लहान मुलांचे हाल होतील. न पाठवला तर कर्तव्यात कसूर ठरेल. आपण नुकत्याच रुजू झालेल्या आहात आणि कार्यालयातील वरिष्ठांनी ‘सरळ कळवून मोकळ्या व्हा’ असा सल्ला दिला आहे.

या कामात 26 वर्षे काढल्यानंतर माझे मत असे आहे की न्यायालयाला कळवायचेच आहे, लपवायचे काहीही नाही. मात्र कळवण्यापूर्वी घातलेल्या अटी त्या बाईला पाळता येण्यासारख्या आहेत का, हे आपण तपासले पाहिजे आणि अहवालात तेच प्रामुख्याने मांडले पाहिजे. त्याच्याही आधी, म्हणजे याच आठवड्यात, तिला डॉक्टरांकडे न्यायचे आहे.

डॉक्टर आधी का, ते सांगते. वास आला त्या दिवशी आपण तिला बहुधा बजावले असेल की उद्यापासून एक थेंबही चालणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने सुरुवातीला हे केलेले आहे, मीही केले आहे, आणि ते धोक्याचे आहे. रोज बरीच दारू पिणाऱ्या व्यक्तीने ती एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, आपण कुठे आहोत याचे भान राहत नाही, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जीवही जातो. अल्प्राझोलम किंवा नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचेही असेच होते. ब्राऊन शुगर (हेरॉइनचा एक प्रकार) सोडताना होणारा त्रास भयंकर असला तरी सहसा जिवावर बेतत नाही. परंतु बाई गरोदर असेल तर एकदम बंद करणे गर्भाला घातक ठरू शकते आणि तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली बुप्रेनॉर्फिनसारख्या औषधावर ठेवावे लागते. म्हणून किती, केव्हापासून, शेवटचे केव्हा, पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का, आणि पाळी केव्हा आली होती, हे पाच प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून टिपून ठेवावेत. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषाच्या तुलनेने कमी असते, त्यामुळे तितकीच दारू तिच्या रक्तात अधिक तीव्रतेने उतरते, आणि यकृताचे विकार तिला कमी वर्षांत गाठतात. पिण्याला सुरुवात ते पूर्ण व्यसन हा प्रवासही स्त्रियांमध्ये बऱ्याचदा झपाट्याने होतो. ‘तीन-चार वर्षांतच एवढी कशी बिघडली’ असे शेजारीपाजारी म्हणतात, त्यामागे चारित्र्य नसून शरीरशास्त्र असते, हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे आपला आवाज आपोआप बदलतो.

आता बोलण्याविषयी. केंद्र शासनाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 27.3 टक्के, तर स्त्रियांचे 1.6 टक्के होते. या आकड्याचा एक परिणाम असा की उपचारांची बहुतेक सगळी व्यवस्था पुरुष डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली आहे, आणि दुसरा असा की पिणारी बाई स्वतःला जगावेगळी समजते. पुरुष ‘घेतो कधीमधी’ असे बिनदिक्कत सांगतो. बाई शपथेवर नाही म्हणते, कारण तिच्या लेखी दारूची कबुली ही बदफैलीपणाची कबुली असते. त्यामुळे ‘पितेस का?’ असे विचारून काहीही हाती लागत नाही. ‘रात्री झोप लागते का, लागत नसली तर काय घेता, कंबरदुखीला काय घेता, कामावरच्या बाया थकवा घालवायला काय घेतात, मिश्री किती वेळा लावता’ अशा वाटेने गेले की हळूहळू सगळे बाहेर येते. नवऱ्याने आणलेल्या क्वार्टरमधला उरलेला घोट, मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्या, बाळंतपणानंतर कुणीतरी सुचवलेली ब्रँडी, अशा सुरुवाती मी शेकड्यांनी ऐकल्या आहेत. हे संभाषण नवरा, सासू किंवा शिपाई समोर असताना कधीही करू नये. तिला ‘अहो ताई’ म्हणावे. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात तिला अरेतुरे ऐकण्याची सवय झालेली असते, आणि आपल्या टेबलापाशी तिला पहिल्यांदा निराळे काही ऐकू येते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच भेटीत, तिने काही सांगण्याच्या आधी, स्पष्ट करावी. आपण तिच्या मैत्रीणही आहोत आणि न्यायालयाच्या अधिकारीही, आणि या दोन भूमिकांतला ताण झाकून ठेवणे ही तिची फसवणूक होते. मी सांगत असे, ‘तुम्ही मला प्यायलात असे सांगितले तर मी ते लिहीन, पण तुम्ही स्वतः येऊन सांगितले हेही लिहीन. मुलांच्या अंगावर हात पडत असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मी गप्प राहणार नाही. बाकी तुमच्या घरातल्या गोष्टी या खोलीबाहेर जाणार नाहीत.’ एवढे ऐकल्यावर काही जणी गप्प होतात आणि दोन भेटींनंतर बोलू लागतात. तेवढा धीर धरावा लागतो.

चुकलेल्या दोन हजेऱ्यांकडे मी विशेष लक्ष देईन, कारण माझ्या अनुभवात स्त्रियांच्या बाबतीत हजेरी चुकण्याचे कारण दारू असण्यापेक्षा दुसरेच काही असण्याची शक्यता जास्त असते. माझ्याकडे शेतमजुरी करणारी एक बाई होती. बुधवारी हजेरी असली की हमखास गैरहजर. मी दोन कडक पत्रे पाठवली, तीही तिच्या नवऱ्याने वाचून फाडली. अखेर वस्तीवरच्या आशाताईंकडून कळले की बुधवार हा बाजाराचा दिवस. आठवड्याची मजुरी त्याच दिवशी वाटली जाते. ती जागेवर नसली की पैसे नवऱ्याच्या हाती पडतात आणि संध्याकाळपर्यंत गुत्त्यावर संपतात. हजेरी गुरुवारी केली, आणि पुढच्या चौदा महिन्यांत ती एकदाच चुकली, तीही मुलीला डेंग्यू झाला म्हणून. आपल्या प्रकरणात पाहा: दोन घरची धुणीभांडी सोडून सकाळी अकराला येणे म्हणजे तिचा खाडा, धाकट्याला सांभाळायला कुणी नसणे, एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे, आणि कार्यालयाच्या व्हरांड्यात ओळखीचे कुणी भेटेल ही भीती. फोन तिचा स्वतःचा आहे की नवऱ्याचा, हे विचारून घ्यावे. आपला निरोप नवऱ्याच्या फोनवर जात असेल तर तो तिला मिळत नाही, असेच धरून चालावे. गृहभेटीला जाताना सरकारी गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी करू नये. अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात भेट ठेवली तर तिची अब्रू राखली जाते.

कायदा या सगळ्याच्या आड येत नाही. उलट त्यात जागा ठेवलेली आहे आणि आपण ती फारशी वापरत नाही. कलम 4(4) न्यायालयाला निवास, मादक पदार्थांपासून दूर राहणे आणि इतर बाबींविषयी अटी घालण्याचा अधिकार देते. पण कलम 8 खाली आपल्याच अर्जावरून न्यायालय बंधपत्राच्या अटी बदलू शकते, मूळ आदेशापासून तीन वर्षांच्या मर्यादेत मुदत कमी-जास्त करू शकते, आणि तिची व जामीनदाराची बाजू ऐकल्यावाचून असा बदल होत नाही. कलम 9 खाली अट मोडल्याचे न्यायालयाला पटले तरी लगेच मूळ गुन्ह्याची शिक्षा द्यावी असे बंधन नाही: पहिल्यांदाच कसूर झाली असेल तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याचीही सोय आहे. 1958 सालचे हे पन्नास रुपये आज वाचून हसू येते, पण कायदा करणाऱ्यांना पहिल्या चुकीकडे कसे पाहायचे होते, हे त्यातून कळते. कलम 14 मध्ये आपल्या कर्तव्यांत देखरेखीबरोबरच नुकसानभरपाई फेडण्यात सल्ला व मदत देणे हेही स्पष्टपणे आहे. हप्ता थकला म्हणून तोंड दाखवायला लाजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, तेव्हा हप्त्याची रक्कम तिच्या मिळकतीला झेपते का हेही तपासावे.

म्हणून अहवाल साधारणपणे असा लिहावा: अमुक दोन तारखांना गैरहजर, कारणे अशी, अमुक तारखेला स्वतःहून हजर, मद्यप्राशन केल्याचे आढळले व तिने ते मान्य केले, वैद्यकीय तपासणीत मद्यावलंबित्वाचे निदान झाले, अमुक रुग्णालयात उपचार सुरू, हजेरीचा वार व वेळ बदलावी, आणि मादक पदार्थांच्या अटीसोबत ‘वैद्यकीय उपचार नियमित घेईल’ अशी अट घालावी, ही विनंती. शब्दांची काळजी घ्यावी. ‘दारुडी’, ‘सराईत’, ‘सुधारण्याची शक्यता नाही’ ही विशेषणे एकदा नस्तीत (फाइलमध्ये) गेली की पुढचा प्रत्येक अधिकारी तीच उचलतो. न्यायाधीशांना वस्तुस्थिती आणि उपाय दोन्ही एकाच पानावर मिळाले तर ते सहसा उपायाच्या बाजूने झुकतात, असा माझा अनुभव आहे; नुसती वस्तुस्थिती पाठवली तर वॉरंट निघते.

लघवीच्या चाचणीचा आग्रह धरू नये, आणि न्यायालयाने सांगितली असेल तर तिचा अर्थ नीट लावावा. दारू लघवीत फार काळ राहत नाही. याउलट गांजाचा अंश नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवड्यांनंतरही सापडू शकतो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतले असेल, किंवा खसखशीची खीर, हलवा खाल्ला असेल, तरीही प्राथमिक चाचणी अफूवर्गीय पदार्थ दाखवू शकते. दिवाळीच्या आसपास हे ध्यानात असावे.

उपचार कुठे, हा सगळ्यांत अवघड भाग आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करावी, कारण दारू सोडण्याचे पहिले आठ-दहा दिवस तिथे सुरक्षितपणे पार पडतात. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले. त्यात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. केवळ स्त्रियांचा विभाग ही चैन समजू नये. व्यसन जडलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींच्या मागे मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा इतिहास असतो, आणि पुरुषांनी भरलेल्या गटात बसून त्या त्याबद्दल कधीच बोलणार नाहीत. स्त्री कैद्यांना कसे वागवावे याविषयी संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांपैकी 62 वा नियम, आघाताचे भान ठेवणारे, केवळ स्त्रियांसाठीचे व्यसनोपचार समाजातच उपलब्ध व्हावेत आणि तुरुंगवासाला पर्याय म्हणून त्यांचा उपयोग व्हावा, असे सांगतो. ठिकाण शोधायला 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन उपयोगी पडते. नोंदणी नसलेल्या, ‘तीन महिन्यांची हमी’ देणाऱ्या, नातेवाइकांना भेटू न देणाऱ्या केंद्रांपासून मात्र दूर राहावे. अशा एका ठिकाणाहून मी एका बाईला हातावरचे वळ घेऊन बाहेर पडताना पाहिले आहे.

तिचा धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे असे आपण लिहिता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, आणि कलम 21 सांगते की तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करू नये. भरती करताना ‘मूल घेऊन चालणार नाही’ असे उत्तर मिळाले तर हे कलम नम्रपणे दाखवावे. जागेची अडचण खरीच असेल तर बाह्यरुग्ण उपचार निवडावेत. मुलाला सोडून राहावे लागेल या भीतीने जी बाई उपचारालाच नकार देते, तिला ‘इच्छाशक्ती नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. थोरल्या मुलीची शाळा सुटणार नाही, तिला कोण सांभाळेल, हे भरतीआधी ठरवून तिला सांगावे. ती निम्मी स्वस्थ होते.

घराचा प्रश्न उपचाराइतकाच मोठा आहे. परिवीक्षा कायद्याच्या कलम 4 खाली सोडताना गुन्हेगाराचे किंवा जामीनदाराचे न्यायालयाच्या हद्दीत कायम वास्तव्य किंवा नियमित काम आहे, याची खात्री न्यायालयाला करून घ्यावी लागते. आपल्या बाईचा जामीनदार नवरा आहे आणि तो स्वतः पितो, हे मला सर्वांत खटकले. जामीनदार नवरा म्हणजे ‘सही मी केली आहे, बोललीस तर आत पाठवीन’ हे वाक्य रोज ऐकणे, आणि रात्री त्याच माणसाच्या शेजारी बाटली उघडी असणे. बहीण किंवा भाऊ पुढे येत असेल तर जामीनदार बदलण्याचा अर्ज करावा. मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली संरक्षण आदेश आणि कलम 19 चा निवास आदेश मिळू शकतो. वकिलाचा खर्च तिच्यावर पडत नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रीला मिळकतीची अट न ठेवता मोफत विधी साहाय्य मिळते. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि शक्ती सदन आहेत, परंतु व्यसन असलेली बाई घ्यायला अनेक निवारागृहे कुरकुर करतात हे मी लपवत नाही. अशा वेळी फोनवर न भांडता तिच्यासोबत स्वतः जावे, औषधांचा कागद आणि डॉक्टरांचा नंबर अधीक्षकांच्या हाती द्यावा, आणि अडचण आली तर आपणच येऊ असा शब्द द्यावा.

नवऱ्याला वगळूनही चालत नाही. त्याला वेगळ्या दिवशी बोलवावे, त्याच्या उपचाराचे विचारावे, आणि निदान घरात दारू आणणार नाही एवढे कबूल करून घेता आले तरी पुष्कळ आहे. पेपरात जाहिरात पाहून जेवणात गुपचूप घालायची पावडर तो आणत असेल तर ती ताबडतोब बंद करायला लावावी. अशा पावडरींत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असू शकते, आणि न सांगता दिलेल्या त्या औषधावर दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो.

कामाविषयी थोडक्यात सांगते. चोरीच्या गुन्ह्यानंतर घरकाम मिळणे कठीण होते. परिवीक्षा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. ही तरतूद तिला समजेल अशा मराठीत एका कागदावर लिहून द्यावी. बचत गट, खानावळ, शिवणकाम यांतून जे मिळेल ते चालेल. फक्त दारूच्या दुकानाजवळचे किंवा रात्री उशिरा सुटणारे काम पहिल्या वर्षात टाळावे.

पुढे आपल्याकडे अमली पदार्थांच्या प्रकरणातील एखादी बाई आली तर वाट थोडी वेगळी आहे, हे ओघाने सांगते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 33 मुळे अठरा वर्षांवरील व्यक्तीला, कलम 26 आणि 27 चे गुन्हे सोडता, परिवीक्षा कायद्याचा लाभ मिळत नाही. मात्र केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा गुन्हा असेल तर कलम 39 खाली न्यायालय तिच्या संमतीने तिला उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते, आणि खटला चालू असतानाच ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर कलम 64अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन 5 ग्रॅम, एमडी (मेफेड्रोन) 2 ग्रॅम, गांजा 1 किलोपर्यंत. हे तिच्या वकिलाला माहीत आहे असे गृहीत धरू नये.

उपचारानंतर ती पुन्हा पिईल का, हे आपण विचारले नाही, पण मनात असेलच. बहुधा एकदा तरी पिईल: मंगळसूत्र गहाण पडल्यावर, सणाला माहेरी कुणी बोलावले नाही म्हणून, नाहीतर काहीही कारण नसताना. त्या वेळी ती आपल्याकडे येते की आपल्यापासून लपते, हे आधीच्या सहा महिन्यांत आपण कसे वागलो यावर अवलंबून असते. ब्राऊन शुगर किंवा गोळ्या घेणाऱ्या बाईला मात्र आणखी एक गोष्ट बजावून ठेवावी: काही आठवडे बंद राहिल्यानंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि पूर्वीचाच डोस आता जीव घेऊ शकतो, तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस या दृष्टीने सर्वांत वाईट असतात.

येत्या भेटीसाठी मी आपल्या जागी असते तर असे केले असते. वार आणि वेळ तिलाच विचारून ठरवली असती, मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण दिवशी तिच्यासोबत गेले असते, केसपेपरची झेरॉक्स नस्तीत लावली असती, बहिणीला भेटून जामिनाबद्दल विचारले असते, आणि त्याच आठवड्यात परिवीक्षा कायद्याच्या कलम 8 चा, अटी बदलण्याचा अर्ज न्यायालयात दाखल केला असता. वर्षभराने ती सावरलेली दिसली तर त्याच कलमाखाली बंधपत्र मुदतीआधी रद्द करण्याचा अर्जही आपल्यालाच करता येतो. तो करायचा आहे, ही नोंद मी नस्तीच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने करून ठेवत असे.